भीमेचे वाळवंट : काठ कोणाचा, झाडे कोणाची?

१

"अत्याचाराच्या केसेस कोर्टात तुंबल्या आहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि सर, तुम्ही झाडांवर लेख लिहिणार?"

प्रश्न दौंडच्या एका कार्यकर्त्या मित्राचा होता. तो चिडून बोलला नाही, हसून बोलला. पण त्या हसण्यामागे अनुभव होता. वृक्षारोपण आपल्या माणसांनी दोन रूपांत पाहिलेले आहे. पहिले रूप समारंभाचे. पाहुणा नवा, खड्डा मात्र गेल्या वर्षीचाच. हे रूप निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. दुसरे तसे नाही. भूमिहीन माणूस गायरानाचा एखादा तुकडा वर्षानुवर्षे कसतो. त्याला तेथून उठवायचे झाले की नेमकी त्याच तुकड्यावर झाडे लावण्याची योजना येते. झाडाला नाही म्हणणारा माणूस समाजाचा शत्रू ठरतो आणि जमीन अलगद हातातून जाते.

हे आजचे नाही. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्याविषयीची तक्रार आहेच. डोंगर, कुरणे, गायराने सरकारी हद्दीत गेली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना तोंड घालायला जागा उरली नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते पडीक जमिनींसाठीच. तेव्हा झाडाकडे संशयाने पाहण्याचा आपला हक्क इतिहासाने सिद्ध केलेला आहे.

तरीही मी लिहितो आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून भीमा आणि घोड या नद्या वाहतात. त्यांच्या काठची वाळू आणि काठची झाडेझुडपे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ज्या रीतीने गेली, तिची झळ आधी आपल्या वस्त्यांना लागली. आता नदीकाठ सुधारण्याच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत, पण त्या सिमेंटचा घाट, विकतची हिरवळ आणि लोखंडी जाळी यांच्या गोष्टी आहेत. त्यांत नदी नाही आणि आपणही नाही. नदीकाठी तेथलीच वनस्पती पुन्हा उभी करणे म्हणजे काय, ते कसे करतात, आणि त्यात हक्काचा प्रश्न कोठे येतो, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

२

शहरातल्या वाचकाला वाळवंट म्हटले की राजस्थान आठवते. आमच्याकडे वाळवंट म्हणजे नदीच्या पात्रातली आणि काठची वाळूची पसरण. पंढरपूरला भीमेचे नाव चंद्रभागा होते, तेथील वाळवंट साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मंदिराला दार होते. ते आपल्यासाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. वाळवंटाला दार नव्हते. शिवाशिव तेथेही होती, पण कुलूप लावता येईल अशी ती जागा नव्हती. नदीकाठचा हा मोकळेपणा नीट लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्याचाच आहे.

भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगवते. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते. रांजणगाव सांडस आणि वाळकी यांच्यामध्ये मुळा-मुठा येऊन मिळते. शिरूर गावाजवळून वाहणारी घोड पुढे दौंड तालुक्याच्या हद्दीजवळ तिच्यात येते. आमचा भाग पर्जन्यछायेचा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. म्हणजे आमच्या आभाळात ढग नसतो तेव्हाही पश्चिमेच्या डोंगरातले पाणी घेऊन नदीला पूर येतो. त्या पुराचे जे पाणी येथे थांबते ते वाळूमुळे. वाळूच्या कणाकणांत पोकळी असते. पूर ओसरला तरी तिच्यात पाणी भरून राहते आणि पुढे कित्येक महिने काठच्या विहिरींकडे झिरपत राहते. वाळू ही नदीची साठवण आहे. तिच्यातून पाणी गाळूनही निघते.

माझी आजी या साठवणीवर जगली. गावच्या विहिरीवर आपल्याला मज्जाव होता. नदीवरचा आपला पाणवठा खालच्या अंगाला, गुरे धुतात त्याच्याही पलीकडे. उन्हाळ्यात नदीची धार आटली की आजी वाळूत हाताने झिरा उकरायची. वीतभर ओली वाळू काढली की खाली पाणी साचायचे. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, मग निवळशंख पाणी कवडीकवडीने करवंटीत यायचे. आजी म्हणायची, "गावानं हीर बंद केली, पर वाळूनं कधी जात इचारली न्हाई." महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्यानंतरही अनेक वर्षे आमच्या गावात सत्याग्रह न करता पाणी मिळण्याची जागा एकच होती, ती वाळूतला झिरा.

वाळूने आणखीही दिले. ज्याला शेत नाही अशा माणसाने उन्हाळ्यात पात्रात खड्डे घेऊन, शेणखत घालून कलिंगडे, खरबुजे, काकड्या लावाव्यात आणि पावसाच्या आत वेल आटोपावेत. सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा तो हंगाम होता. काठावर शिंदी असायची. तिच्या पानांचे फडे आणि केरसुण्या मांगवाड्यात बांधल्या जात. दिवाळीत तीच केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजली जाई, बांधणारा हात मात्र उंबऱ्याबाहेरच राही. पाण्याच्या कडेला देवनळ आणि बोरू वाढे. त्याच बोरूची लेखणी करून गावाचे दप्तर लिहिले गेले. बोरू उगवत होता आपल्या पाणवठ्याजवळ, आणि लेखणी धरण्याचा अधिकार होता भलतीकडे. काठच्या वनस्पतींचा हा हिशेब वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

३

मग वाळू कशी गेली?

एक कारण धरणांचे. वरच्या अंगाला एकेक नदी अडली आणि डोंगरातून येणारा गाळ आणि वाळू धरणांच्या पोटात अडकली. खालच्या अंगाला १९८० साली उजनी पूर्ण झाले आणि त्याचे फुगवट्याचे पाणी दौंड तालुक्यापर्यंत आले. हा परिणाम दूरवर जातो. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कृष्णेच्या मुखाशी आंध्रचा किनारा खचत असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे, आणि धरणांत अडलेला गाळ हे त्याचे एक मोठे कारण सांगितले आहे. आमच्या पात्रातली वाळू ही शेवटी त्या समुद्रकिनाऱ्याची वाळू होती.

दुसरे कारण आपल्या डोळ्यांदेखतचे. शहर वाढले, सिमेंटची घरे वाढली, वाळूला भाव आला. आधी घमेल्यांनी आणि गाढवांवर निघणारी वाळू पुढे यंत्राने निघू लागली. पात्रात बोटी आल्या, पंप आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात लहान क्षेत्रातील उपशालाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरवली. कायदा आला, पण यंत्रे रात्रीची चालू लागली. येथे एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. त्या पाण्यात उतरलेली, ट्रक भरलेली माणसे बहुतेक आपलीच होती. मजुरी रोख मिळत होती आणि शेतात काम नव्हते. पैसा ज्याच्या घरी गेला तो काठावर उभाही नव्हता. खड्ड्यात बुडून मेला तो मजूर किंवा मजुराचा पोर. म्हणून वाळूचोर कोण, असा प्रश्न निघाला की घमेले धरणाऱ्याकडे बोट दाखवून थांबता येत नाही.

वाळू गेली की पात्र खोल जाते. पात्र खोल गेले की शेजारच्या विहिरींचे पाणी त्याच्या मागोमाग उतरते. काठाचा पाय मोकळा होतो आणि दरडी कोसळतात. झाडे मुळांसकट पाण्यात जातात. उघड्या पडलेल्या दरडीवर मग काय येते? वेडी बाभूळ, बेशरम आणि गाजरगवत. पाण्यावर जलपर्णी. काठावरची शेते नांगरत नांगरत थेट कडेपर्यंत आली, उसाचा शेवटचा सरा दरडीला टेकला, आणि मधला जो झाडाझुडपांचा पट्टा ना शेताचा ना नदीचा होता, तो संपला. तोच पट्टा भूमिहीनाच्या सरपणाचा, चाऱ्याचा आणि औषधाचा होता.

४

काठ पुन्हा उभा करायचा तर देशी झाडे लावा, असे सगळे सांगतात. सल्ला योग्य आहे, पण 'देशी' या शब्दापाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. शुद्ध आणि अशुद्ध, मूळचे आणि बाटगे ही भाषा आपण फार भोगलेली आहे. तीच भाषा झाडांना लावून कोणी पवित्र-अपवित्राचा नवा खेळ मांडत असेल तर आपण त्यात सामील होण्याचे कारण नाही.

शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली नावाचे गाव आहे. चिंचेवरून गावाचे नाव पडले, पण चिंच मूळची आफ्रिकेची. आपण जिच्यावर जगलो ती ज्वारीही मूळची तिकडचीच. कोणी त्यांना परके म्हणून हाकलत नाही आणि हाकलूही नये. त्या आल्या, येथल्या माणसांशी, पाखरांशी, मातीशी नाते जोडून राहिल्या. याउलट वेडी बाभूळ अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात आणली गेली. ती जेथे माजते तेथे दुसऱ्या रोपाला उगवू देत नाही. बेशरमाला शेळीही तोंड लावत नाही. गाजरगवत पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले, ते अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आले असे सांगितले जाते. आज त्याने शेत, रस्ता, गायरान काही सोडलेले नाही.

म्हणजे प्रश्न जन्माचा नाही, वागणुकीचा आहे. झाड कोठून आले हे विचारू नये, ते आजूबाजूच्यांना जगू देते की नाही हे विचारावे. काठची जुनी वनस्पती आपल्याला हवी ती याच कारणाने. करंजाच्या पानावर जगणारी अळी, निर्गुडीच्या फुलावर येणारी मधमाशी, पाण्यावर झुकलेल्या बाभळीला टांगलेला सुगरणीचा खोपा आणि वाळ्याच्या मुळात अडकून राहिलेली माती, ही हजारो वर्षांत बसलेली घडी आहे. ती एकदा मोडली की विकतच्या शोभेच्या रोपांनी बसत नाही.

५

समुद्रकाठी हेच काम जास्त वर्षे चाललेले आहे. तेथला एक धडा आपल्याला उपयोगी आहे. कोकणच्या पुळणीवर मर्यादवेल नावाचा जांभळ्या फुलांचा वेल पसरतो. समुद्राने ओलांडू नये अशी मर्यादा तो आखतो, म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. शास्त्रही तेच सांगते. वेलाच्या पेरापेराला मुळे फुटतात, वाऱ्याने उडणारी वाळू त्यात अडकते आणि तिचे उंचवटे तयार होतात. त्यामागे केवडा, त्यामागे उंडी, करंज अशी रांग लागते. वादळात हीच रांग गावाच्या पुढे उभी असते.

पुढे किनारे हिरवे करायचे म्हणून ठिकठिकाणी सुरूची झाडे दाट लावली गेली. सुरू बाहेरून आणलेला आहे. तो भराभर वाढतो आणि सरपणही देतो. पण समुद्रकासवाची मादी अंडी घालायला येते ती भरतीच्या रेषेवरच्या उघड्या वाळूत. तेथपर्यंत सुरू लावला तर तिला जागाच उरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने कासवांची घरटी राखण्याचे काम उभे केले. त्या कामातून शिकण्यासारखी गोष्ट ही की उघडी वाळू म्हणजे ओसाड जागा नव्हे. ती कोणाचे तरी घर असते.

भीमेच्या वाळवंटालाही हे लागू आहे. नदीसुरय नावाचा पक्षी उन्हाळ्यात पात्रातल्या उघड्या वाळूवर अंडी घालतो. टिटवी गोट्यांमध्ये घालते. वेडा राघू वाळूच्या उभ्या दरडीत बीळ करतो. म्हणून काठ उभा करण्याच्या कामाचा पहिला नियम, सगळीकडे झाडे लावायची नाहीत.

६

आता प्रत्यक्ष काम. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नाही. पुढे जे सांगतो ते वाचून, विचारून आणि मुख्यतः चुकून शिकलेले आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या काही विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून भीमेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या तोंडाशी पाच गुंठ्यांवर काम सुरू केले. पहिल्या वर्षी आम्ही जुलैत दरडीवर दीड-दीड फुटाचे खड्डे घेऊन रोपे लावली. ऑगस्टमध्ये वरच्या धरणांतून पाणी सुटले. रोपे तर गेलीच, पण खड्ड्यांनी भुसभुशीत झालेली दरडही गेली. आमच्या उत्साहाने नदीकाठाचे नुकसान केले होते.

त्यानंतर आम्ही आधी पाहायला शिकलो. सुरुवात कुदळीने करायची नाही, वहीने करायची. काठाने दोन-तीन कोस चालावे. जेथे जुना काठ अजून शिल्लक आहे तेथे काय उगवले आहे, पाण्यापासून किती अंतरावर, हे टिपावे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, मुख्यतः सरपणाला आणि गवताला जाणाऱ्या बायकांना बरोबर घ्यावे. झाडांची नावे त्यांना येतात, आपल्याला येत नाहीत.

या नोंदी करताना जे घडले ते सांगितले पाहिजे. वर्गात मी विचारले, शिंदीबद्दल कोणाला माहिती आहे? सगळे गप्प. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, माझी आजी फडे बांधायची. कुठलं पान कधी काढायचं ते मला माहीत आहे." चारचौघांत हे सांगण्याची त्याला लाज वाटली होती. ती लाज त्याची नाही, ती ज्यांनी लादली त्यांची आहे. जातीने गळ्यात बांधलेला धंदा सोडा, हे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले आणि ते शंभर टक्के खरे आहे. पण धंदा सोडताना त्या हातांत पिढ्यांनी साठलेले ज्ञान फेकून द्यायचे नसते. ते ज्ञान आपली मिळकत आहे. तो मुलगा आता शिंदीचे बी गोळा करणाऱ्या गटाचा प्रमुख आहे.

काठाचे ढोबळमानाने चार पट्टे पडतात. पहिला पट्टा उघड्या वाळूचा. तेथे काही लावायचे नाही, फक्त उपसा थांबवायचा आणि गाजरगवत उपटायचे.

दुसरा पट्टा पाण्याच्या कडेचा. तेथे लव्हाळा, पाणकणीस, देवनळ. पुरात वाकून राहणारा लव्हाळा तुकोबांमुळे मराठी माणसाच्या तोंडी आहे. त्याची ताकद वाकण्यात जितकी आहे तितकीच जमिनीखाली पसरणाऱ्या मुळांत आहे. पात्रात दगडगोटे असतील तेथे शेरणी लावावी. हे चिवट झुडूप धारेतच उभे राहते आणि त्याच्या आडोशाला मासे राहतात. ओलीच्या जागी वाळुंज. शेरणी आणि वाळुंज दोन्ही फांदीच्या तुकड्यांपासून लागतात, रोपवाटिकेची गरज नाही.

तिसरा पट्टा दरडीच्या उताराचा. सर्वांत नाजूक हाच. येथे खड्डे घेऊ नयेत. पहारीने भोक पाडून वाळ्याचे ठोंब आडव्या ओळींत, जवळजवळ लावावेत. वाळ्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि दरड शिवून टाकतात. ओळींमध्ये हरळी पसरू द्यावी. अधूनमधून निर्गुडीचे फाटे खोचावेत, वरच्या अंगाला करंज आणि शिंदी. हे काम पावसाळ्याच्या तोंडाला करू नये. आमच्याकडे मोठे पाणी जुलै-ऑगस्टमध्ये येते. ते उतरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, दरडीत ओल भरपूर असते आणि धार ओसरलेली असते. तेव्हा लावलेल्या ठोंबाला पुढच्या पुरापर्यंत आठ-नऊ महिने मिळतात.

चौथा पट्टा वरच्या काठाचा. येथे उंबर, जांभूळ, अर्जुन, करंज. नदीपासून जरा दूर, कोरड्या अंगाला बाभूळ, हिवर, बोर, तरवड आणि त्यांच्यामध्ये पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवते. येथे मात्र जून-जुलैत लागवड करावी.

बियांचे तंत्र अवघड नाही. जांभळाचे बी ताजे असतानाच लावावे, वाळले की मरते. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखालीच मिळतात. बाभळीच्या बियांचे कवच कठीण असते. शेळीने शेंग खाल्ली की ते कवच मऊ होते, म्हणून शेळ्यांच्या वाड्यातले बी सर्वांत चांगले उगवते. शेळी झाडांची वैरी, असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पहिली दोन वर्षे रोपांना राखण लागते, ती खरी गोष्ट आहे. त्यासाठी वेड्या बाभळीच्याच काट्यांचे कुंपण करावे. दोन पावसाळ्यांत ते कुजून जाते, तोवर रोपे शेळीच्या तोंडावर गेलेली असतात.

वेडी बाभूळ काढण्याविषयी एक सूचना. ती वरवर तोडली तर दुप्पट फुटते, बुंध्याखालचा गड्डा खणून काढावा लागतो. पण एकदम सगळी काढू नये. आज कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटते. एक पट्टा काढावा, तेथे आपली झाडे धरू द्यावीत, मग दुसरा पट्टा. निघालेले लाकूड त्याच घरांना द्यावे. बेशरम उपटून उंचावर वाळवावे. पाण्यात टाकले तर त्याचा तुकडा खाली जाऊन पुन्हा रुजतो. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हाताला कापड बांधून उपटावे, नाहीतर अंगाला खाज सुटते.

पैशाचे म्हणाल तर या कामाला रोपांपेक्षा माणसांचा वेळ जास्त लागतो. तो वेळ फुकट मागू नये. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी खडी फोडली. त्यातून पुढे रोजगार हमी आली आणि महाराष्ट्राने १९७७ साली तिचा कायदा केला. काम मागणे आणि कामाचे दाम मागणे ही या मातीतली परंपरा आहे. श्रमदान हा शब्द ज्यांच्याकडे दान करण्याइतका मोकळा वेळ आहे त्यांनी वापरावा.

७

आमच्या पाच गुंठ्यांवर गेल्या वर्षी एका आजींनी मला अडवले. डोक्यावर सरपणाची मोळी होती. म्हणाल्या, "मास्तर, झाडं लावा, नाही म्हणत न्हाई. पर तार लावू नका. तार लागली का आमची वाट गेली."

साऱ्या लेखाचे सार त्या दोन वाक्यांत आहे. आमच्या भागातल्याच एका गावी काठाचे सुशोभीकरण झाले. फरशी बसली, दिवे लागले, जाळी आली. धुण्याचा दगड जाळीच्या आत गेला आणि धुणारी बाई बाहेर राहिली. झाडे देशी असती तरी या अन्यायात फरक पडला नसता. बाग कोणत्या झाडांची आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच तिच्यात कोणाला शिरता येते हे महत्त्वाचे.

म्हणून काम सुरू करण्याआधी काही गोष्टी लिहून घ्याव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे नदीचे पात्र राज्याच्या मालकीचे आहे. तेव्हा ग्रामसभेचा ठराव करावा आणि महसूल खात्याला लेखी कळवावे. त्या ठरावातच वाळलेले सरपण, गवत, शिंदीची पाने, करंजाचे बी, जांभळे घेण्याचा हक्क काठच्या भूमिहीन कुटुंबांचा राहील, असे नमूद करावे. पाणवठ्याची आणि स्मशानाची वाट मोकळी राहील, हेही. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही करावी लागते. २००४ च्या नियमांनी त्या समितीत स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा सांगितल्या होत्या. आपल्या गावची समिती कागदावर कोणाकोणाची आहे, हे कार्यकर्त्यांनी एकदा जाऊन पाहावे. बहुधा आपले एखादे नाव तेथे असते आणि त्या माणसाला ते ठाऊक नसते.

आणि गायरान कसणाऱ्याच्या तुकड्यावर हे काम कधीही करू नये. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंह प्रकरणात दिला, पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टे दिलेले असतील तर अपवाद होऊ शकतो, हेही त्याच निकालात म्हटले आहे. निकालाचा पहिला भाग अधिकाऱ्यांना पाठ असतो, दुसरा आपण पाठ केला पाहिजे.

दरवर्षी १ जानेवारीला लाखो माणसे कोरेगाव भीमाला येतात. १८१८ च्या लढाईच्या स्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली, तेव्हापासून ती वाट आपली झाली. शिरूरकडून येणाऱ्यांना भीमेचा पूल ओलांडावा लागतो. पुलावर कोणी थांबत नाही, गर्दीच तेवढी असते. पुढच्या वेळी एक क्षण थांबून खाली पाहावे. त्या वर्षी बाबासाहेब येथून गेले आणि अडीच महिन्यांनी त्यांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. ज्या समाजाने पाण्यासाठी इतिहास घडवला, त्याने नदीकडे पाठ फिरवणे बरे नाही.

दौंडच्या मित्राला मी हे सगळे सांगितले. तो पुन्हा हसला, पण या वेळी त्याने विचारले, "वाळ्याचे ठोंब कुठं मिळतील?" आमच्या ओढ्याच्या तोंडाशी लावलेला वाळा आता फुटव्याला आला आहे. येत्या सप्टेंबरात पाणी उतरले की त्याला पोतेभर ठोंब देणार आहे. ज्याला हवेत त्याने यावे आणि खणून न्यावेत. तार लावलेली नाही.